चवींचे स्थलांतर : यवतमाळच्या ताटात कोण कोठून आले?

सकाळी सातच्या सुमारास यवतमाळच्या बाजारपेठेत फेरफटका मारला, तर न्याहारीच्या गाड्यांची रांगच दृष्टीस पडते. एका गाडीवर पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली जात असते. दुसरीवर कचोऱ्या आणि समोसे तळले जात असतात. तिसऱ्या गाडीवर इडलीच्या भांड्याचे झाकण उघडताच वाफेचा लोट उठतो. सायंकाळी गाड्या बदलतात. पाणीपुरी, दाबेली, पत्ताकोबीचे मंचुरियन आणि उन्हाळा असेल तर कुल्फी यांची पाळी येते. कापूस, तूर आणि एकेकाळी ज्वारी पिकविणाऱ्या या जिल्ह्यात जन्मलेला पदार्थ या रांगेत शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. पोह्यांचा तांदूळसुद्धा पूर्व विदर्भातील धानपट्ट्यातून अथवा त्याच्याही पलीकडून आलेला असतो. तरीही यवतमाळकराला यांपैकी एकही पदार्थ परका वाटत नाही.

महानगरांतील अशा मिश्र खाद्यसंस्कृतीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मुंबईच्या माटुंग्यातील दाक्षिणात्य खाणावळी, पुण्याच्या कॅम्पातील इराणी हॉटेले, उल्हासनगरातील सिंधी दुकाने यांची वर्णने वाचकांच्या परिचयाची आहेत. जिल्ह्याच्या गावी मात्र असे काही घडलेच नसावे, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. यवतमाळ हा राज्याच्या सीमेवरचा जिल्हा. पैनगंगा ओलांडली की कोठे मराठवाडा लागतो, तर कोठे तेलंगण. गेल्या दीड-दोन शतकांत येथे चहूदिशांनी माणसे आली आणि बहुतेक वेळा ती एखाद्या कामाच्या मागे आली. कोणी मीठ वाहून आणले, कोणी कापूस खरेदी केला, कोणी कोळसा खणला, तर कोणी सर्वस्व गमावल्यानंतर पोटासाठी तळणीची कढई मांडली. त्यांच्या पदार्थांचा माग काढू लागलो, तर जिल्ह्याच्या अर्थकारणाचाच इतिहास उलगडत जातो.

मूळचे ताट

बाहेरचे कोण, हे ठरविण्याआधी मूळचे कोण, हा प्रश्न येतो. त्याचे काटेकोर उत्तर द्यायचे झाले, तर कोलाम आणि गोंड यांच्याखेरीज या भूमीवर आपण सारेच केव्हा ना केव्हा आलेले आहोत. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक असून, केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांत तिचे पोड आजही आहेत. कोलामी आणि गोंडी या दोन्ही द्रविड कुळातल्या भाषा. मोहाची फुले, चारोळी, तेंदू आणि पावसाळ्यातील रानभाज्या हे या लोकांचे अन्न बाजाराच्या आधीचे आहे आणि आज ते बाजारात सर्वांत कमी दिसते.

मराठी शेतकऱ्याचे ताट ज्वारीवर उभे होते. भाकर, चून, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या आणि सोबत ठेचा, असा त्याचा साधारण नकाशा होता. या ताटातील सर्वांत ‘वऱ्हाडी’ वाटणारी वस्तू म्हणजे ठेचा. परंतु ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही मूळची दक्षिण व मध्य अमेरिकेतली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज व अन्य युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून अशी पिके भारतात येऊ लागली. आलुबोंड्यातला बटाटाही त्याच खंडातला. म्हणजे ज्या झणझणीतपणाचा आपण अभिमान बाळगतो, तो सुमारे पाचशे वर्षांपूर्वी येथे कोणालाच ठाऊक नव्हता.

मिठाच्या वाटेने आलेला तांडा

जिल्ह्यात मोठ्या संख्येने स्थिरावलेला समाज म्हणजे बंजारा. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या भागांत गावोगावी तांडे आहेत. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ भूषविणारे वसंतराव नाईक पुसद तालुक्यातील गहुलीचे. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी भाषांशी नाते सांगते आणि त्यांचा जुना व्यवसाय त्यांच्या भटकंतीचे कारण सांगतो. बैलांच्या लांबच लांब काफिल्यांवर धान्य आणि मीठ लादून ते देशभर वाहून नेत. मोगलांच्या आणि नंतर निझामाच्या फौजांचे पोट या काफिल्यांवर अवलंबून असे. एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते आणि आगगाडी आली, मीठ व धान्य मालगाडीतून जाऊ लागले आणि हा व्यवसाय संपला. फिरते तांडे थांबले. जेथे थांबले तेथे शेतमजुरी आणि शेती त्यांच्या वाट्याला आली.

त्यांच्या स्वयंपाकात हा सारा प्रवास मुरलेला आहे. गोरबोलीत रोजच्या भाकरीलाच ‘बाटी’ म्हणतात. राजस्थानात बाटी हा गव्हाचा, विस्तवात भाजलेला गोळा आहे. येथे पोहोचेपर्यंत नाव तेच राहिले, धान्य मात्र ज्वारीचे झाले. बकऱ्याच्या रक्तापासून केला जाणारा ‘सळोई’ हा पदार्थ, जनावराचा कोणताही भाग वाया जाऊ न देणाऱ्या भटक्या जीवनाची आठवण आहे. वऱ्हाडातील शेतकरी देवकार्याला शेतात जे रोडगे भाजतो, त्यांची पद्धतही याच जातीची. कणकेचे गोळे, गोवऱ्यांचा विस्तव, वर तुपाची धार आणि सोबत वांग्याची भाजी. तवा, परात, चूल यांवाचून केवळ विस्तवावर पोटभर अन्न करायचे असेल, तर माणूस कोणत्याही प्रांतात याच तंत्रावर येऊन ठेपतो.

पांढऱ्या सोन्याचे पाहुणे

दुसरी मोठी लाट कापसाने आणली. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निझामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकन कापूस मिळेनासा झाल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. यवतमाळ या मुख्य मार्गापासून बाजूला होते, त्यामुळे येथील कापूस धामणगाव स्थानकाकडे जाई. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद मार्गाची गाडी सुरू झाली. तीच सर्वांच्या जिव्हाळ्याची ‘शकुंतला’. खासगी कंपनीच्या मालकीच्या या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. अलीकडच्या वर्षांत ती गाडी थांबली आहे.

१९०५ मध्ये जुन्या वणी जिल्ह्याला दारव्हा आणि पुसद हे तालुके जोडून यवतमाळ जिल्ह्याने आजचा आकार घेतला. तोवर कापसाच्या बाजाराची घडी बसली होती. कापूस व धान्य बाजारांसाठी वऱ्हाडात १८९७ मध्येच कायदा झाला होता आणि बाजाराचे नियमन करणारा तो देशातील आरंभीचा कायदा समजला जातो. कापूस आला, सरकी काढणारे जिन आले, गासड्या बांधणारे प्रेस आले आणि त्यांच्यासोबत मारवाडी व गुजराती व्यापारी कुटुंबे आली. शेजारच्या वर्ध्याचे जमनालाल बजाज हे राजस्थानातील सीकरजवळच्या खेड्यात जन्मले आणि दत्तक म्हणून वर्ध्याच्या व्यापारी घराण्यात आले. अशा मार्गांनी अनेक घराणी विदर्भात रुजली.

या कुटुंबांचे अन्न कोरड्या प्रदेशात घडलेले होते. जेथे पाणी कमी आणि भाजीपाला दुर्मीळ, तेथे डाळी, बेसन, तूप, पापड, वड्या आणि लोणची यांवर स्वयंपाक चालतो. प्रवासात चार दिवस टिकेल असे तळलेले खाणे हवे असते. कचोरी, मठरी, शेव, भुजिया हे पदार्थ अशा गरजेतून घडले. बिकानेरी भुजियाला मटकीचे पीठ लागते, कारण वाळवंटात मटकीच पिकते. वऱ्हाडात आल्यावर या कलेला कच्च्या मालाची ददात उरली नाही, कारण तूर, हरभरा आणि मूग येथल्या शेतांतच होते. बाजाराच्या दिवशी कापसाची गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मोजमाप होईपर्यंत दिवसभर ताटकळावे लागे. घरून बांधून आणलेली भाकर संपल्यावर त्याने विकत घेऊन खाल्लेला पहिला पदार्थ बहुधा अशाच एखाद्या हलवायाच्या कढईतला असणार. नागपुरात बिकानेरच्या अग्रवाल कुटुंबाच्या शाखेने हल्दीराम या नावाने १९७० च्या सुमारास जे उभे केले, ते याच परंपरेचे आधुनिक रूप आहे.

पैनगंगेपलीकडची आंबट चव

दक्षिणेकडची वाट व्यापाराची कमी आणि शेजाराची अधिक. वणी, झरी-जामणी, केळापूर या तालुक्यांचा तेलुगू मुलखाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. पांढरकवडा आणि पाटणबोरी ही गावे नागपूर-हैदराबाद महामार्गावर वसली आहेत. या सीमेवर भाषा बदलते, परंतु बांधावरची भाजी बदलत नाही. मराठी शेतकरी जिला अंबाडी म्हणतो, तिलाच तेलंगणात पुंटिकूरा आणि आंध्रात गोंगुरा म्हणतात. फरक आहे तो वापराचा. मराठी घरात अंबाडी शिजवून, घोटून, तिच्यात कण्या किंवा डाळ घालून भाकरीबरोबर खातात. तेलुगू घरात तिचे तिखटजाळ लोणचे व चटणी करून वाफाळत्या भातावर घेतात. सीमेवरच्या गावांत मात्र एकाच घरात दोन्ही प्रकार आढळले, तर कोणी नवल मानत नाही.

उमरखेड, पुसद, दिग्रस, दारव्हा येथील मुस्लिम मोहल्ल्यांत निझामी राजवटीचा वारसा जाणवतो. वऱ्हाड १७२४ पासून निझामाच्या सत्तेशी जोडलेले होते. नांदेडला लागून असलेल्या उमरखेडकडे तर हैदराबादी वळणाचा ‘बगारा’ भात लग्नाच्या पंगतीत सहज भेटतो. खडा मसाला, कांदा आणि पुदिना यांची फोडणी दिलेला हा मोकळा भात असतो आणि सोबत सालन किंवा दालचा. बिर्याणीची कीर्ती मोठी असली, तरी शेकडो माणसांच्या पंगतीला परवडणारा आणि हमखास साधणारा भात बगाराच.

फाळणीची कढई

१९४७ च्या फाळणीने सिंध आणि पंजाबमधून लाखो कुटुंबे उखडली. त्यांतील सिंधी कुटुंबे उल्हासनगरप्रमाणेच विदर्भातही आली. नागपूरचा जरीपटका हा भाग त्यांच्या वसाहतीमुळेच ओळखला जातो. अमरावती, अकोला, यवतमाळ या बाजारपेठांतही सिंधी दुकानदार स्थिरावले. कापड, किराणा, बेकरी असे थोड्या भांडवलात उभे राहणारे धंदे त्यांनी निवडले. विदर्भात रविवारच्या सकाळी मिळणारे दाल-पकवान हे मूळचे त्यांच्या घरचे. कुरकुरीत तळलेली मैद्याची पोळी आणि तिच्यावर चण्याची डाळ, चिंचेची चटणी व कांदा, असा हा साधा पण पोटभरीचा नाश्ता.

खाद्यपदार्थाने निर्वासिताला कसे उभे केले, याचे विदर्भातील बोलके उदाहरण बुलडाणा जिल्ह्यातील शेगावचे आहे. फाळणीच्या काळात पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या आसपास शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी विकण्यास प्रारंभ केला. गजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची गर्दी आणि मुख्य लोहमार्गावरील स्थानक, या दोन गोष्टींनी ती कचोरी दूरवर पोहोचविली. आज विदर्भाबाहेरही ‘शेगाव कचोरी’ या पाटीचे दुकान दिसते. पंजाबातून आलेला कारागीर, उत्तर भारतीय पदार्थ आणि वऱ्हाडातले गाव, यांतून जे नाव तयार झाले ते केवळ गावाचे आहे. स्थलांतरिताला गावाने सामावून घेतले, याची याहून पक्की नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

‘सांबार’ म्हणजे नेमके काय?

दाक्षिणात्य पदार्थ विदर्भात आले ते उडुपी हॉटेलांच्या व्यापक प्रसारातून. कर्नाटकच्या किनाऱ्यावरून निघालेल्या या धंद्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत मूळ धरले. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. महाराष्ट्रात या हॉटेलवाल्यांना सुखासुखी स्वीकारले गेले असे मात्र नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध जे आंदोलन पेटले, त्यात उडुपी हॉटेले हे पहिले लक्ष्य ठरले. त्या पिढीला जो इडली-डोसा परक्याचा वाटला, तो पुढच्या पिढीच्या शाळकरी डब्यात गेला. यात कोणी कोणाचे मन वळविले नाही. स्वस्त, ताजे आणि झटपट मिळणारे अन्न नोकरदार माणसाला हवेच होते.

विदर्भात या पदार्थापुढे भाषेची एक गंमत उभी राहिली. येथे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचे सारण भरलेली खमंग वडी. त्यामुळे ‘सांबार टाकून द्या’ असे सांगणाऱ्या नागपूर-यवतमाळच्या गिऱ्हाइकाला हिरवी पाने हवी आहेत की डाळीचा आंबट रस्सा, हे प्रसंगावरूनच ओळखावे लागते. बाहेरून शब्द आला, परंतु जुन्या शब्दाने जागा सोडली नाही. आज दोन्ही सांबार सुखाने नांदत आहेत आणि इडलीबरोबरच्या सांबारावर वरून सांबार भुरभुरलेलाही असतो.

अंतर्गत स्थलांतराचेही असेच. सावजी रस्सा ही नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांची देणगी. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने नागपूरला गिरणगाव केले. पुढे यंत्रमागाच्या स्पर्धेत हातमाग मागे पडत गेला, तेव्हा अनेक विणकर कुटुंबांनी घरचाच तिखट स्वयंपाक विकावयास घेतला. जवसाचे तेल आणि भाजून वाटलेला दाट काळा मसाला यांनी घडविलेली ही चव आता यवतमाळच्या रस्त्यांवरही ‘सावजी भोजनालय’ या पाटीखाली भेटते.

कोळसा आणि हातगाडी

स्वातंत्र्योत्तर काळातील मोठे आकर्षण म्हणजे वणी परिसरातील कोळसा. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी अस्तित्वात आली. राजूर, उकणी, घोन्सा, कोलारपिंपरी ही नावे खाणींमुळे परिचित झाली. राजूरला चुन्याच्या भट्ट्याही होत्या. खाण आणि भट्टी यांना जे अंगमेहनतीचे हात लागतात, ते उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र, छत्तीसगड अशा ठिकाणांहून आले. या वसाहतींत सत्तू, लिट्टी, चोखा हे शब्द मराठी मुलांनाही कळतात. सत्तूचे महत्त्व खाण कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालविले की इंधनावाचून आणि भांड्यावाचून जेवण तयार होते.

आजचे स्थलांतर मात्र हातगाडीवरचे आहे. महाराष्ट्रातील गावोगावी उन्हाळ्यात दिसणाऱ्या आइस्क्रीम-कुल्फीच्या रंगीत गाड्यांवर ‘मेवाड’ हे नाव रंगविलेले असते. राजस्थानच्या त्या भागातील तरुण हंगामापुरते येतात, एका खोलीत दाटीने राहतात आणि पाऊस सुरू झाला की परततात. पाणीपुरीच्या गाड्यांमागे बहुधा उत्तर प्रदेश वा मध्य प्रदेशातील माणूस उभा असतो. चायनीजच्या गाडीवरचा कारागीर नेपाळचा असू शकतो आणि विकतो तो पदार्थ चीनचाही नसतो. मंचुरियन हा प्रकार कोलकात्याच्या चिनी समाजातील नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केला, असे मानले जाते. मुंबईतल्या उच्चभ्रू क्लबातला तो कोंबडीचा पदार्थ यवतमाळला पोहोचेपर्यंत पत्ताकोबीच्या भज्याचा झाला आणि मजुराच्या खिशाला परवडू लागला.

पदार्थ आपला केव्हा होतो?

या साऱ्या उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. आलेला पदार्थ टिकतो तो तीन अटींवर. पहिली, त्याचा कच्चा माल येथे स्वस्त मिळाला पाहिजे. कचोरी-भज्यांना येथल्या डाळी मिळाल्या, म्हणून ती टिकली. दुसरी, त्याने येथल्या जिभेशी तडजोड केली पाहिजे. विदर्भात समोसा किंवा आलुबोंडा कोरडा देऊन भागत नाही, त्यावर रस्सा ओतावा लागतो. पोह्यांवरची तर्री याच आग्रहातून आली आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे तो कष्टकऱ्याच्या वेळेत आणि पैशांत बसला पाहिजे. केवळ हौसेचा पदार्थ हॉटेलाच्या यादीत राहतो. गाडीवर येतो तो गरजेचा पदार्थ.

या तिसऱ्या अटीतच आजचा प्रश्न दडलेला आहे. कापसाच्या काळात आलेल्यांना दुकाने मिळाली, घरे झाली, पुढच्या पिढ्या मराठी शाळांत शिकल्या. आज हातगाडी घेऊन आलेल्याला रस्त्याच्या कडेची चार फूट जागाही खात्रीची नाही. पथविक्रेत्यांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाण त्यात आहे. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण, विक्रीचे प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना, अशा तरतुदीही आहेत. सर्वेक्षणात नाव न लागलेला हंगामी विक्रेता मात्र या संरक्षणाबाहेर राहतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा पांढरकवड्यावरून जाणाऱ्या महामार्गाने हजारो मजूर उत्तरेकडे पायी निघाले होते. ज्यांच्या हातचे आपण रोज खात होतो, त्यांची नोंद कोठेच नाही, हे त्या वेळी देशाला कळले.

यवतमाळने याचा विचार अधिक आस्थेने करावयास हवा, कारण हा जिल्हा माणसे जशी घेतो तशी धाडतोही. पुसद-दिग्रसच्या तांड्यांतून ऊसतोडीला, बांधकामाला आणि वीटभट्टीला माणसे पश्चिम महाराष्ट्रात व परराज्यांत जातात. पुण्यात शिकायला व नोकरीला गेलेली वैदर्भीय मुले तर्री पोहे आणि सावजी शोधत हिंडतात, आणि त्यांच्या भुकेवर तेथे नवे ‘वैदर्भीय’ धंदे उभे राहिले आहेत. यवतमाळचा माणूस पुण्यात जी ओळख मागतो, तीच यवतमाळला आलेला माणूस येथे मागत असतो.

खरा परागंदा कोण?

परक्या पदार्थांनी आपले अन्न गिळले, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. जिल्ह्याच्या शेताकडे पाहिले, तर कारण वेगळे दिसते. १९९० नंतर सोयाबीन पसरले आणि २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. बाजारात रोख पैसा देणाऱ्या या पिकांपुढे ज्वारी हटत गेली. मजुरी वाढली, रानडुकरांचा उपद्रव वाढला आणि कडब्याला बैलही उरले नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरिबाच्या घरात दरमहा माणशी पाच किलो धान्य पोहोचते. हा मोठा आधार आहे, परंतु आपल्याकडे ते धान्य प्रामुख्याने गहू व तांदूळ असते. अशा रीतीने शेतातून, दुकानातून आणि अखेर चुलीवरून ज्वारी उतरली.

आज यवतमाळात मंचुरियन हाकेच्या अंतरावर मिळते आणि ज्वारीची भाकर मात्र ‘स्पेशल थाळी’त शोधावी लागते. तिला बाहेर काढले ते कचोरीवाल्याने नव्हे, इडलीवाल्यानेही नव्हे. तिची जागा पिकांच्या गणिताने आणि धोरणाने घेतली. ती परत आणायची असेल, तर ज्वारीला रास्त भाव, वेळेवर सरकारी खरेदी आणि शिधावाटपात स्थान हवे. हातगाडीवाल्याला हटवून त्यातले काहीच साधणार नाही.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. उरलेला मार्ग पूर्ण झाला की जिल्ह्यात नवी माणसे येतील, येथली माणसे अधिक सहजपणे बाहेर जातील आणि स्थानकाबाहेर नव्या गाड्या लागतील. त्या गाड्यांसाठी जागा आतापासूनच आखून ठेवणे आणि त्यांतली एक भाकरीची असेल असे पाहणे, ही दोन्ही कामे शहराच्या हातातली आहेत.